कार्चर डब्ल्यूडी ३ : ओढतो दणकून, पण फिल्टरकडे लक्ष द्या

घरात फर्निचरचं किंवा रंगाचं काम निघतं, पावसाळ्यात बाल्कनीत पाणी साचतं, गाडीच्या सीटखाली बिस्किटांचा चुरा असतो. अशा कामांना कार्चर कंपनीचा डब्ल्यूडी ३ हा कोरडा कचरा आणि पाणी दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर चांगला आहे. मोटर १००० वॅटची, पिंप १७ लिटरचं, होज २ मीटर लांब आणि ३५ मिलिमीटर रुंद. १००० वॅट म्हणजे सव्वाचार अँपिअरच्या आसपास, त्यामुळे साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतो. वायर ४ मीटरच आहे, ती तोकडी पडते. एक्स्टेन्शन लावलं तर गुंडाळी पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर तापते.

या जातीच्या मशीनबद्दलची नेहमीची तक्रार म्हणजे ‘सुरुवातीला छान ओढायचा, आता ओढतच नाही’. अशा वेळी मोटर बहुधा ठणठणीत असते आणि हवेची वाट कुठेतरी तुंबलेली असते. कुठे, ते शोधायला मिनिटभर पुरतं. होज पिंपापासून काढा, मशीन चालू करा आणि पिंपाच्या तोंडावर तळवा ठेवा. हात जोरात ओढला गेला तर अडथळा होजमध्ये, पुढच्या ताठ नळीत किंवा नोझलमध्ये आहे. ओढ तिथेही मंद असेल तर पिंपातली धूळ साठवणारी बॅग भरलीय, फिल्टर चोंदलाय किंवा झाकणाची क्लिप नीट बसलेली नाही. होजमध्ये काही अडकलं असेल तर ती मागच्या ब्लोअरच्या, म्हणजे हवा बाहेर फेकणाऱ्या तोंडाला लावा आणि दुसरं टोक घराबाहेर धरून उडवा. आत काठी किंवा तार घालू नका, होजला भोक पडतं. मग तिथून हवा खेचली जाते आणि ओढ कायमची कमी होते.

सगळ्यात जास्त हाल होतात ते कार्ट्रिज फिल्टरचे. हा घड्यांचा कागदी फिल्टर कोरड्या आणि ओल्या, दोन्ही कामांत आत राहतो. तो काढून मशीन चालवलं तर धूळ थेट मोटरमध्ये जाते. साफ करताना आधी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत धरून हलक्या हाताने झटका. तेवढ्याने भागलं नाही तर वाहत्या पाण्याखाली धरा. ब्रशने घासू नका, साबण नको, गरम पाणीही नको. घड्यांचा कागद घासला की बारीक फाटतो आणि ते डोळ्यांना दिसतही नाही. मग सावलीत पूर्ण वाळू द्या. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो, कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये दोन दिवसही लागतात. दमट फिल्टर घाईने बसवला की त्यावर धुळीचा चिखल बसतो, घड्या एकमेकींना चिकटतात आणि चार दिवसांत मशीनमधून कुबट वास यायला लागतो. म्हणून जादा कार्ट्रिज मशीनसोबतच मागवावी.

बॅग न लावताही मशीन चालतं, आणि पैसे वाचवायला बरेच जण तसंच चालवतात. केस, माती, लाकडाचा जाड भुसा यांना ते ठीक. पुट्टीची पूड, पीओपी, सिमेंट, सांडलेलं पीठ यांना मात्र फ्लीस बॅग (कापडासारख्या पदार्थाची धुळीची पिशवी) लावाच, कारण इतकी बारीक पूड कागदाच्या घड्या काही मिनिटांत बुजवते. बॅग दोन तृतीयांश भरली की बदला. भरलेली बॅग कापून, रिकामी करून, स्टेपल मारून पुन्हा लावायचा उद्योग होतो. शिवणीतून पूड गळते ती फिल्टरवरच. बॅगेचे वाचलेले पैसे मग कार्ट्रिजवर जातात.

पाणी ओढायचं असेल तर बॅग आधी काढा. नोझल जमिनीला चिकटून राहील असं धरा. पिंप भरत आलं की आतला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा भाग) वर येऊन हवेची वाट बंद करतो आणि मोटरचा आवाज एकदम चढतो. हे बिघाडाचं लक्षण नव्हे, पण लगेच बंद करून पाणी ओतायचं. साबणाच्या पाण्याबाबत सावध राहा: फेस वजनाने हलका असतो, फ्लोट वेळेत उचलला जात नाही आणि फेस मोटरपर्यंत पोचू शकतो. काम झालं की पिंप धुवा, होज लावून रिकामं मशीन दोन-तीन मिनिटं चालवा म्हणजे आतलं पाणी निघतं, आणि झाकण बंद न करता ठेवा. बंद पिंपात एका रात्रीत वास धरतो.

दिवाळीत एक गोष्ट कटाक्षाने टाळा. अंगणातला फटाक्यांचा कचरा या मशीनने ओढू नका. फुलबाज्या आणि फटाक्यांमध्ये अॅल्युमिनियम, मॅग्नेशियमची पूड असते, न जळलेली दारूही उरलेली असते. मोटरची ठिणगी आणि बारीक धातूची पूड एकत्र येणं धोक्याचं. गरम राख, निखारे, थिनर, पेट्रोलही नको. रांगोळी आधी केरसुणीने भरून घ्या, उरलेली बॅग लावून ओढा.

उणिवा स्पष्टच आहेत. आवाज मोठा, फिरता ब्रश नाही, म्हणून गालिच्यात रुतलेले कुत्र्या-मांजरांचे केस निघत नाहीत. धुळीची अॅलर्जी असलेल्यांनी हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) फिल्टरचं, बॅगवालं घरगुती मशीन घ्यावं. तिथे याचा उपयोग कमी.

काही वर्षांनी मोटरमधून जळका वास, ठिणग्या किंवा थांबत-थांबत चालणं सुरू झालं तर आधी कार्बन ब्रश तपासून घ्या. मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे हे छोटे तुकडे झिजतात आणि जोडीनेच बदलायचे असतात. ‘मोटरच गेली’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला जुने ब्रश काढून दाखवायला सांगा.