तीनदा तोच आकडा : वजनकाटा घेताना मी कसा फसलो

माझे वडील अण्णा ७९ वर्षांचे आहेत आणि गेली दोन वर्षे त्यांच्या हृदयाचे पंपिंग कमी झालेले आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांना रुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांच्या यादीखाली आणखी एक ओळ लिहिली होती : रोज सकाळी वजन. लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, शक्यतो एकाच प्रकारच्या कपड्यांत वजन करायचे आणि वहीत लिहायचे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, किंवा आकडा रोज थोडा थोडा चढतच राहिला, तर अंगात पाणी साचते आहे असे समजून ताबडतोब फोन करायचा. अशा रुग्णाला दम लागण्याच्या आधीच काटा ही गोष्ट सांगतो, असे त्यांनी मला दोनदा बजावले. त्यामुळे आम्ही घेतलेला वजनकाटा कोणाची ढेरी किती कमी झाली ते पाहण्यासाठी नव्हता, एवढे आधीच स्पष्ट करतो.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत राहतो. जांभळी नाक्यावरून स्टेशनकडे येताना घरगुती विजेच्या वस्तूंचे एक दुकान लागते, तेथे मी गेलो. दुकानाचे नाव लिहीत नाही. काउंटरवरच्या तरुणाला मी कारण सांगितले, तेव्हा त्याने काचेचा एक चकचकीत काटा खाली ठेवला आणि मला त्यावर उभे केले. आकडा ७१.४ आला. खाली उतरवून पुन्हा उभे केले, ७१.४. तिसऱ्यांदाही ७१.४. “बघा काका, तीनदा तोच आकडा! हॉस्पिटलवाले आमच्याकडून हाच नेतात,” असे तो म्हणाला. शेजारच्या काट्यावर मात्र माझे वजन ७१.३, ७१.५ आणि पुन्हा ७१.३ असे भरले, म्हणून तो काटा मी स्वतःच्या हाताने बाजूला सारला. ही माझी पहिली चूक होती आणि सर्वांत मोठीही तीच होती.

दुसरी चूक बिलाची. खोक्यावर कमाल किरकोळ किंमत २,९९९ रुपये असे चिकटवलेले होते आणि मला तो काटा १,१५० रुपयांना मिळत होता. “बिल लावलं तर जीएसटी वेगळा पडेल, काका,” असे तो म्हणाल्यावर मी बिलाचा आग्रह सोडला. वास्तविक कमाल किरकोळ किमतीत सगळे कर धरलेलेच असतात, आणि आयुष्यभर हिशेबाच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हे माहीत नसते असे नाही. पण दोन-अडीचशे रुपये वाचतात म्हटल्यावर माहीत असलेल्या गोष्टीही माणूस थोडा वेळ विसरतो. पैसे मी यूपीआयने दिले. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर दुकानाऐवजी कोणा व्यक्तीचे नाव आले, तेही मी पाहिले आणि सोडून दिले. घरी आल्यावर खोके नीट पाहिले, तर त्यावर ‘मेडिकल ग्रेड’ हे शब्द ठळक छापलेले होते, पण उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक, यांतले काहीही नव्हते. वॉरंटी कार्डावर शिक्का होता, तारीख नव्हती.

पहिले दोन आठवडे सुरळीत गेले. वहीत ६२.२, ६२.४, ६२.१ असे आकडे पडत होते. त्यानंतर सलग नऊ दिवस ६२.४ हाच आकडा आला आणि अण्णांचे वजन इतके स्थिर राहिले म्हणून मी समाधान मानत राहिलो. दहाव्या दिवशी आई म्हणाली, “अरे, यांच्या चपलेचा पट्टा बघ पायात कसा रुतलाय.” मी अण्णांच्या घोट्यावर अंगठा दाबून उचलला, तर तेथे खळगा पडला आणि तो भरून यायला वेळ लागला. त्या रात्री ते दोन उशा घेऊन बसूनच झोपले. सकाळी दवाखान्यातल्या काट्यावर त्यांचे वजन ६५.१ भरले. घरून निघण्यापूर्वी तासाभराआधी आमच्या काट्याने ६२.४ दाखवले होते.

तीन दिवस रुग्णालयात काढावे लागले. शिरेतून औषध देऊन पाणी उतरवले, लघवी वाढवणाऱ्या गोळीचा डोस बदलला आणि अण्णा घरी आले. डॉक्टरांनी वही पाहून विचारले, “हे नऊ दिवस तुम्ही खरंच वजन करत होता ना?” हा प्रश्न मला फार लागला.

घरी आल्यावर मी काटा स्वयंपाकघरातल्या फरशीवर ठेवला आणि चहाच्या पुडीचे पाव किलोचे चार न फोडलेले पुडे घेतले. आधी नुसता उभा राहिलो : ७१.८. उतरलो, काट्याचा पडदा विझू दिला, एक पुडा हातात घेऊन उभा राहिलो : ७१.८. उतरून दोन पुडे घेतले : ७१.८. तीन पुडे : ७१.८. चार पुडे, म्हणजे वेष्टनासह किलोपेक्षा जास्त वजन हातात असतानाही ७१.८. बायको दारात उभी राहून पाहत होती, तिला क्षणभर माझीच काळजी वाटली असावी. मग मी उतरलो, पिठाची पाच किलोची पिशवी काट्यावर ठेवून तिचे वजन करून काढली आणि पुन्हा चारही पुड्यांसह उभा राहिलो. आता आकडा आला ७२.९.

तेव्हा सगळा उलगडा झाला. पुष्कळ स्वस्त डिजिटल काट्यांमध्ये स्मरणाची सोय केलेली असते. नवे वजन मागच्या वजनाच्या जवळपास आले, तर काटा नवे वजन दाखवण्याऐवजी मागचाच आकडा पुन्हा दाखवतो. अशा काट्याच्या चार पायांत ताण मोजणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतात आणि त्या चौघींची बेरीज पडद्यावर येते. माणूस किंचित इकडे-तिकडे उभा राहिला तरी शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक पडणे स्वाभाविक आहे. हा फरक गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून ही युक्ती योजलेली असते. आमच्या काट्याची युक्ती आणखी वाईट होती, कारण तो प्रत्येक वेळी शेवटच्या खऱ्या मापाशी तुलना करत होता, पण दाखवत होता जुना आकडा. रोज तीनशे ग्रॅम पाणी अंगात वाढत गेले आणि प्रत्येक दिवशी ती वाढ त्याला क्षुल्लक वाटली. त्या नऊ दिवसांत घरातले दुसरे कोणी काट्यावर उभे राहिले नाही, त्यामुळे त्याची आठवण मोडण्याचा प्रसंगच आला नाही. जो काटा ७१.३ आणि ७१.५ असा हलत होता, तो प्रामाणिक होता.

काटा तपासण्याची घरगुती रीत म्हणून गॅसच्या सिलिंडरचे नाव घेतले जाते आणि ती रीत चांगलीही आहे. रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते आणि सील न तोडलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. दोन्हींची बेरीज काट्याशी ताडून पाहता येते. टाकीचे कडे काचेवर नीट बसावे म्हणून मध्ये पाट ठेवावा आणि त्याचे वजन वजा करावे. मी हे केले, बेरीज २९.९ यायला हवी होती आणि आमच्या काट्याने ३०.० दाखवले. म्हणजे या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला असता! एकदाच ठेवलेले वजन तो बरोबर मोजत होता, त्याची खोट फक्त हळूहळू बदलणाऱ्या वजनात होती. म्हणून दुकानातच उभे राहून वजन करावे, मग अर्ध्या लिटरची भरलेली पाण्याची बाटली हातात घेऊन पुन्हा करावे, आणि आकडा साधारण अर्ध्या किलोने हलला नाही तर तो काटा घेऊ नये. अर्ध्या किलोला हलला तरी पाव किलोची एखादी वस्तू घेऊन पुन्हा पाहावे, कारण स्मरणाची मर्यादा प्रत्येक काट्यात सारखी नसते. चटईवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेल्या काट्याचे ऐकू नये, त्याला सपाट, कडक फरशी लागते.

त्या तरुणाने चरबी, पाणी, हाडे असे सर्व काही मोजणारा महाग काटाही मला दाखवला होता. तो पायांतून सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतो. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी तो वापरू नये, आणि अंगात पाणी साचलेल्या माणसाच्या बाबतीत तो अंदाज चुकतोच. तो मी घेतला नाही, हे त्या दिवशी केलेले एकमेव शहाणपण.

काटा घेऊन मी दुकानात गेलो आणि पुड्यांचा प्रयोग तेथेच करून दाखवला. तरुणाला मुळीच आश्चर्य वाटले नाही. “त्यात मेमरी असते, काका. आकडा हलला की कस्टमर माल परत आणतात,” असे तो सहज बोलून गेला आणि मग मालकाने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. मी घरी येऊन ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचला. बिल न देणे ही त्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील त्याच व्याख्येत येते. पाटी काहीही म्हणो. माझे ३० दिवस भरायला दोन दिवस उरले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, यूपीआयच्या व्यवहाराची नोंद, खोक्याच्या सहाही बाजूंची छायाचित्रे आणि प्रयोगाची चित्रफीत जोडली, आणि त्याच दिवशी हे सर्व लिहिलेले पत्र दुकानात देऊन प्रतीवर पोच घेतली. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच दावा करता येतो, म्हणजे मला ठाण्याबाहेर जावे लागणार नाही, हेही त्या पत्रात मुद्दाम लिहिले होते.

अकराव्या दिवशी मालकाचा फोन आला. पैसे त्याच नावावरून परत आले, पूर्ण १,१५०. बदल्यात त्यांना काटा हवा होता. तो पुन्हा खोक्यात बसून कोणासमोर तीनदा तोच आकडा दाखवणार, हे मला दिसत होते. म्हणून नेण्यापूर्वी मी काचेवर मधोमध, पाय ठेवायच्या दोन्ही खुणांच्या मध्ये, न पुसल्या जाणाऱ्या काळ्या मार्करने लिहिले : ‘हा काटा मागचे वजन दाखवतो.’

तरुणाने खोके उघडून काटा बाहेर काढला, अंगठ्याने ती अक्षरे घासून पाहिली आणि काटा मालकाकडे सरकवला.