महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील सामूहिक वाचन : दहा आठवड्यांचा अनुभव

एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने परिसरातील सर्वांसाठी चालवलेल्या सामूहिक वाचन उपक्रमात मी नुकतीच दहा आठवडे सहभागी झाले होते. महाविद्यालयातील विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी आणि बाहेरचे नागरिक या सर्वांनी एकाच काळात एकच कादंबरी वाचायची, दर पंधरा दिवसांनी लहान गटात बसून तिच्याविषयी बोलायचे आणि मधल्या काळात लेखिकेशी एक जाहीर संवाद व्हायचा, अशी उपक्रमाची रचना होती. मी त्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी कधीच नव्हते; ग्रंथालयाच्या दारावरची ओळखपत्र दाखवण्याची सूचना मी आजवर बाहेर उभी राहूनच वाचलेली होती. त्यामुळे हे परीक्षण बाहेरून आत गेलेल्या वाचकाचे आहे. निवडलेली कादंबरी कशी होती हा प्रश्न मी बाजूला ठेवते आणि तिचे नावही घेत नाही, कारण मला लिहायचे आहे ते ग्रंथालयाने दिलेल्या सेवेविषयी.

या कल्पनेला फार जुना इतिहास नाही. अमेरिकेतील सिॲटल येथील सार्वजनिक ग्रंथालयात १९९८ साली नॅन्सी पर्ल या ग्रंथपालांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सगळ्या शहराने एकच पुस्तक वाचावे असा प्रयोग केला. २००१ मध्ये शिकागोने तोच मार्ग धरला आणि त्यानंतर ही पद्धत अनेक शहरांत पोहोचली. न्यूयॉर्कमध्ये मात्र २००२ साली कोणते पुस्तक घ्यायचे यावरच निवड करणाऱ्यांचे एकमत होईना आणि तो प्रयत्न रखडला. याच्याशी समांतर अशी दुसरी पद्धत महाविद्यालयांची आहे : पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांना एक सामायिक पुस्तक वाचायला द्यायचे आणि सत्राच्या आरंभी त्यावर चर्चा घडवायची. शहराचा वाचक स्वखुशीने येतो, विद्यार्थ्याला मात्र थोडेफार सक्तीनेच यावे लागते. महाविद्यालयाचे ग्रंथालय जेव्हा सगळ्या परिसराला बोलावते, तेव्हा हे दोन्ही वाचक एकाच टेबलाभोवती बसतात, आणि उपक्रमाची खरी परीक्षा तिथे होते. आमच्या गटातील काही विद्यार्थ्यांना या सहभागाचे अंतर्गत गुण मिळणार होते, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत मोकळेपणाने सांगितले.

नावनोंदणी सुलभ होती. देवघेव विभागात छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून एक अर्ज भरला की उपक्रमाच्या मुदतीपुरते सभासदपत्र हातात मिळत होते. काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनी मला कुठेही परकेपणा जाणवू दिला नाही, वाचनकक्ष कुठे आहे ते सोबत येऊन दाखवले आणि पुस्तकाची प्रत तूर्त उपलब्ध नाही हेही स्पष्ट शब्दांत सांगितले. राखीव यादीत माझा क्रमांक नववा होता.

उपक्रमातील पहिली मोठी त्रुटी इथेच आहे. प्रती मोजक्या, प्रत्येक वाचकाला चौदा दिवसांची मुदत आणि राखीव यादीत लोक थांबलेले असल्यामुळे मुदतवाढ नाही, अशा हिशेबाने दहा आठवड्यांत एक प्रत फार तर पाच वाचकांच्या हातातून जाते. त्यातही एखाद्याने चार दिवस उशीर केला की पुढच्या सगळ्यांचे वेळापत्रक घसरते. माझ्या हाती पुस्तक आले तेव्हा गटाची पहिली बैठक होऊन गेलेली होती. ई-पुस्तक उपलब्ध असल्याचे फलकावर लिहिले होते, म्हणून मी तिकडे वळले, तर तिथेही रांग होती. अनेकांना याचे आश्चर्य वाटले, कारण ई-पुस्तकाच्या हव्या तितक्या प्रती निघू शकतात असा सर्वसाधारण समज असतो. ग्रंथालयाला ई-पुस्तक सहसा परवान्यावर मिळते आणि एका परवान्यावर एका वेळी एकच वाचक ते उघडू शकतो, ही पद्धत सर्रास आढळते. दुसऱ्या वाचकाला पहिल्याने ते परत करेपर्यंत किंवा त्याची मुदत संपेपर्यंत थांबावे लागते. सामूहिक वाचनासाठी उपक्रमाच्या काळापुरता एकाच वेळी अनेकांना वाचता येईल असा परवाना घेता येतो का, याची चौकशी ग्रंथालयाने प्रकाशकाकडे आधीच करायला हवी होती. जास्त प्रती घेणे शक्य नसेल, तर आधी नोंदणी करून घेऊन गटांचे आरंभ दोन आठवड्यांच्या अंतराने ठेवणे, हा कोणत्याही जादा खर्चाविना करता येणारा उपाय होता. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा असे सांगते. राखीव यादीतले दिवस हा वाचकाचाच वेळ असतो.

तरीही मी हा उपक्रम अर्ध्यावर सोडला नाही, आणि त्याचे सगळे श्रेय गटचर्चेला आहे. आमचा गट चौदा जणांचा होता. त्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनी होत्या, रात्रपाळी करून थेट येणाऱ्या एक परिचारिका होत्या, मालमत्तेच्या कागदपत्रांचे काम करण्यात उमर गेलेले एक निवृत्त काका होते, आणि विज्ञान शाखेतील एक प्राध्यापक होते, ज्यांनी शाळा सोडल्यानंतर आपण कादंबरी हाती घेतली नव्हती असे सांगितले. ग्रंथालयाने गट करताना विद्यार्थी आणि बाहेरचे वाचक जाणीवपूर्वक मिसळले होते. हा निर्णय ज्याने कोणी घेतला असेल त्याला वाचनाची उत्तम जाण आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. सगळे विद्यार्थी एका गटात आणि सगळे नागरिक दुसऱ्या गटात बसवणे व्यवस्थेच्या दृष्टीने सोपे होते, पण मग प्रत्येक गटाने आपल्याला आधीपासून ठाऊक असलेलेच एकमेकांना सांगितले असते.

एक प्रसंग सांगते. कादंबरीतील थोरली बहीण राहते घर विकते आणि धाकट्या भावाला व्यवहार पूर्ण होईपर्यंत काहीच कळवत नाही. बहुतेक विद्यार्थिनींनी याला सरळ विश्वासघात म्हटले, आणि माझेही मत तेच होते. काकांनी मात्र विचारले, की घराच्या कागदांवर भावाचे नाव होते असे लेखिकेने कुठे म्हटले आहे काय? सगळ्यांनी पाने उलटली. तसा उल्लेख कुठेही नव्हता. उलट एका जुन्या पत्रात भावाने आपला हिस्सा आधीच घेतल्याचा अर्धाच, पुसट उल्लेख होता, आणि तो आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात राहिला नव्हता. मग परिचारिकाबाई म्हणाल्या, की कागदांचा प्रश्न मिटला तरी न सांगण्याचा प्रश्न उरतोच. रुग्णाच्या नातेवाइकांना काय सांगायचे आणि केव्हा सांगायचे हे त्यांना रोज ठरवावे लागते, आणि गप्प राहणारा माणूस दरवेळी काही लपवत असतो असे नाही. यानंतर पाऊण तास जे बोलणे झाले ते मला एकटीने तीनदा वाचूनही सुचले नसते. माझे मत अजूनही बहिणीच्या बाजूचे नाही, परंतु आता ते मत कोणत्या पानांवर उभे आहे हे मला सांगता येते.

हे आपोआप घडले नाही. आमच्या गटाच्या संयोजक सहायक ग्रंथपाल मॅडम होत्या आणि त्यांनी पहिल्याच दिवशी एक नियम घालून दिला होता : मत कोणतेही असो, ते पुस्तकातील कोणत्या जागेवरून सुचले ते दाखवायचे. छापील प्रत आणि ई-पुस्तक यांचे पृष्ठक्रमांक जुळत नसल्यामुळे पहिल्या दिवशी थोडा गोंधळ झाला, म्हणून पुढे प्रकरण आणि परिच्छेद सांगायचे ठरले. असे उपक्रम चालवणाऱ्यांनी ही लहानशी गोष्ट आधीच ठरवून ठेवावी. मॅडम स्वतः फार थोडे बोलत. त्यांचे प्रश्न होय किंवा नाही यावर संपणारे नसत, आणि प्रश्न विचारल्यानंतर पसरणारी शांतता त्या घाईने मोडत नसत. ती शांतता सुरुवातीला अवघड वाटत होती, परंतु सर्वांत कमी बोलणारी विद्यार्थिनी नेमकी अशाच एका शांततेत बोलती झाली. तिसऱ्या बैठकीला मॅडम रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी साहित्याचे एक प्राध्यापक आले. त्यांचा व्यासंग मोठा होता, कथनतंत्राविषयी त्यांनी जे सांगितले ते ऐकण्यासारखे होते, मात्र दीड तासापैकी सव्वा तास तेच बोलत होते आणि विद्यार्थी वह्या काढून टिपणे घेऊ लागले. अशा व्याख्यानाला माझा विरोध नाही; ते वेगळ्या दिवशी, व्याख्यान म्हणूनच ठेवावे, आणि गटाचे संयोजन करणाऱ्या प्रत्येकाला निदान एक प्रशिक्षण बैठक द्यावी.

आणखी एका बाबतीत ग्रंथालयाचे मनापासून कौतुक केले पाहिजे. आमच्या गटात दृष्टी अतिशय अधू असलेले एक गृहस्थ होते. नोंदणीच्या अर्जातच पुस्तक कोणत्या स्वरूपात हवे असा रकाना होता, त्यांनी तो भरला आणि पहिल्या बैठकीच्या आधी त्यांना संगणकाने वाचून दाखवता येईल अशी प्रत मिळालीदेखील. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी अशा प्रती तयार करण्याला आणि देशोदेशी पाठवण्याला २०१३ च्या मराकेश कराराने कायद्याचा आधार दिला आहे. प्रत्यक्षात मात्र अर्जात तो एक रकाना ठेवण्याचे भान कुणाला तरी असावे लागते. ते गृहस्थ प्रकरणांच्या शीर्षकांवरून उडी घेत हवा तो उतारा आमच्याआधी शोधून काढत असत.

लेखिकेचा जाहीर संवाद हा उपक्रमाचा मुख्य कार्यक्रम म्हणून जाहीर झाला होता. सभागृह भरले, लेखिका मनमोकळेपणाने बोलल्या, व्यवस्थाही चोख होती. परंतु हा कार्यक्रम चौथ्या आठवड्यात ठेवल्यामुळे राखीव यादीतील अनेकांनी पुस्तक उघडलेलेही नव्हते, श्रोत्यांच्या प्रश्नांतून शेवट उघड झाला, आणि बरेचसे प्रश्न लिहिण्याची सवय कशी लागली अशा कोणत्याही लेखिकेला विचारता येतील अशा प्रकारचे आले. घर विकण्याच्या प्रसंगाविषयी लेखिकेला काय वाटते हे विचारायला आम्ही चौदा जण सातव्या आठवड्यात तयार झालो होतो. पाहुण्यांच्या तारखा हव्या तशा मिळत नाहीत हे मला समजते. तरी निवड करता येत असेल तर हा संवाद शेवटच्या दोन आठवड्यांतच ठेवावा.

वाचनकक्षाच्या प्रवेशद्वारापाशी कादंबरीच्या विषयाशी संबंधित पुस्तकांचे एक प्रदर्शन मांडलेले होते : स्थलांतरावरचे इतिहासग्रंथ, मालमत्तेच्या कायद्याची सोपी ओळख, भावंडांच्या नात्यावरच्या दोन कादंबऱ्या आणि काही आत्मचरित्रे. निवड विचारपूर्वक केलेली होती, प्रत्येक पुस्तकाशेजारी ते का मांडले याची दोन ओळींची चिठ्ठी होती, आणि मी तिथे जवळजवळ प्रत्येक वेळी रेंगाळले. मात्र यांपैकी एकही पुस्तक बाहेरच्या सभासदाला घरी नेता येत नव्हते. आमचे तात्पुरते सभासदपत्र फक्त उपक्रमाच्या पुस्तकापुरते होते. ग्रंथालयाने आमच्या मनात वाचनाची ओढ निर्माण करावी आणि ती पुरी करण्याचा मार्ग मात्र विद्यार्थ्यांपुरताच ठेवावा, हे मला सर्वांत अधिक खटकले. परीक्षेच्या काळात क्रमिक पुस्तके विद्यार्थ्यांना आधी मिळाली पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण प्रदर्शनातील भावंडांवरच्या त्या दोन कादंबऱ्यांना परीक्षेच्या काळात कुणी हात लावला असेल असे मला वाटत नाही, आणि वाचनकक्षात बसून रोज थोडे थोडे वाचण्याएवढा वेळ नोकरी करणाऱ्या माणसाजवळ नसतो.

ज्यांना वाचायला आवडते पण वाचलेल्याविषयी बोलायला कुणी मिळत नाही, त्यांनी अशा उपक्रमात अवश्य नाव नोंदवावे, असे माझे मत आहे. शक्य असल्यास पुस्तकाची स्वतःची प्रत आधीच मिळवून ठेवावी आणि एकही बैठक चुकवू नये. केवळ लेखिकेला ऐकण्यासाठी जायचे असेल, तर दहा आठवड्यांची बांधिलकी घेण्याचे कारण नाही.

शेवटच्या दिवशी मी पुस्तक परत करायला गेले, तेव्हा माझ्याकडचे सभासदपत्रही काउंटरवर जमा करून घेण्यात आले. बाहेरच्या वाचकांना वर्षभराचे सभासदत्व देण्याचा प्रस्ताव ग्रंथालय समितीपुढे ठेवला आहे आणि त्यासाठी इच्छुकांचे लेखी अर्ज मागवले आहेत, असे मॅडमनी सांगितले. मी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. माझ्या आधी काकांचा आणि परिचारिकाबाईंचा अर्ज त्या फाइलमध्ये लागलेला होता.