मॅट्रिजेल: आक्रमण-चाचणीला चोख, औषधाच्या आकड्याला जपून

एपिथेलियममधली (अवयवांच्या अस्तरातली) कर्करोगाची पेशी पसरायला निघाली की तिला सगळ्यात आधी बेसमेंट मेम्ब्रेन, म्हणजे अस्तराखालचं पातळ प्रथिन-पटल, भेदावं लागतं. कॉर्निंगचं मॅट्रिजेल म्हणजे त्या पटलाची बाटलीत मिळणारी नक्कल. उंदराच्या ईएचएस सार्कोमा या कर्करोगाच्या गाठीतून काढलेल्या या मिश्रणात साधारण ६० टक्के लॅमिनिन हे प्रथिन, ३० टक्के टाइप-४ कोलॅजेन आणि बाकी एन्टॅक्टिन, पर्लेकन आणि वाढघटक असतात. १९८७ पासून आक्रमण-चाचणी, म्हणजे पेशी अशा थरातून किती घुसतात ते मोजणं, बहुतेक यावरच होते. एकाच प्रकारच्या पेशीत एखादा जनुक बंद केल्यावर तिची घुसण्याची ताकद किती घटली, हे बघायला मॅट्रिजेल झकास. कुठली गाठ रुग्णाच्या शरीरात किती पसरेल, हे त्याला विचारू नये.

हाताळणीत बहुतेक घोळ तापमानाचे. जेल १० अंशांच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं आणि २२ ते ३५ अंशांत पटकन बसतं. त्यामुळे बाटली बर्फात रोवून फ्रिजमध्ये ४ अंशांवर रात्रभर वितळवायची. कोमट पाण्यात धरली की कडेला गुठळ्या झाल्याच समजा. पिपेटच्या टिपा, ट्यूब, प्लेट, सगळं आधी गार करून घ्यायचं. पहिल्यांदा वितळलं की एका वापरापुरते भाग करून ठेवून द्यायचे, तेही आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये नको, कारण तिथलं तापमान सतत वरखाली होतं. वितळलेल्या जेलचा रंग कधी पिवळसर, कधी लालसर दिसतो. घाबरायचं कारण नाही: फिनॉल रेड (आम्लता दाखवणारा रंग), बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइडचा तो खेळ, इन्क्यूबेटरमध्ये सारखा होतो. चुकून बसलेलं जेल ४ अंशांवर बर्फात २४ ते ४८ तास ठेवलं की बहुधा पुन्हा पातळ होतं.

आक्रमण-चाचणीसाठी २४-वेलच्या प्लेटमधला ८ मायक्रॉन छिद्रांचा इन्सर्ट (तळाला छिद्रांचं पटल असलेली छोटी वाटी) घ्यावा. गार बफरमध्ये जेल २०० ते ३०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकं पातळ करून प्रत्येक इन्सर्टमध्ये १०० मायक्रोलिटर सोडायचं आणि ३७ अंशांवर २ तास ठेवायचं. वर सिरमविरहित माध्यमात २५,००० ते ५०,००० पेशी, खाली ५ किंवा १० टक्के सिरम, आणि साधारण २२ तास. मग वरच्या बाजूच्या पेशी कापसाच्या बोळ्याने नीट पुसून काढायच्या, खालच्या मेथॅनॉलने पक्क्या करून क्रिस्टल व्हायोलेटने रंगवायच्या आणि मोजायच्या. पुसताना कडेची गोल खाच हमखास राहते, आणि तिथल्या पेशी ‘घुसलेल्या’ म्हणून मोजल्या जातात.

जेल न लावलेला इन्सर्ट सोबत हवाच. जेलमधून गेलेल्या पेशींना नुसत्या छिद्रांतून गेलेल्यांनी भागल्याशिवाय, औषधाने घुसणं थांबलं की चालणंच थांबलं, हे कळत नाही. तिसरी शक्यता विभाजनाची: औषधाने पेशी कमी झाल्या तर खाली पोचणाऱ्याही कमीच दिसणार. म्हणून वेळ पेशीच्या दुप्पट होण्याच्या काळापेक्षा लांबवू नये आणि जिवंत पेशींची वेगळी मोजणी करावी. एचटी-१०८० ही घुसखोर आणि एनआयएच-३टी३ ही न घुसणारी, अशी पेशींची जोडी प्रत्येक फेरीत ठेवली की बिघाड जेलचा की पेशींचा, लगेच उमगतं.

आता खरी मेख. खऱ्या बेसमेंट मेम्ब्रेनमध्ये टाइप-४ कोलॅजेनचे धागे एकमेकांना सहसंयुज बंधांनी पक्के बांधलेले असतात, म्हणून पेशीला एमटी१-एमएमपीसारख्या (प्रथिनं कापणाऱ्या एमएमपी गटातल्या) विकरांनी ते कापावे लागतात. मॅट्रिजेलमध्ये ही बांधणी नाही. पेशी अमीबासारखी आकार बदलत, काही न कापताच आरपार सरकू शकते. एमएमपी-रोधक औषधाचा इथे परिणाम दिसला नाही म्हणून ते निकामी ठरवणं घाईचं होईल. शिवाय हे जेल मऊ, १ किलोपास्कलच्याही खाली. स्तनाच्या गाठीतला ताठरपणा त्याच्या कितीतरी पट असतो. ताठरपणामुळे चालू होणारे एफएके आणि वायएपी या प्रथिनांचे पेशीतले संकेत इथे दबलेले राहतात. असे प्रश्न असतील तर टाइप-१ कोलॅजेन किंवा ताठरपणा ठरवता येणारं कृत्रिम हायड्रोजेल घ्या.

औषध-प्रतिकाराचं काम असेल तर आणखी जपा. पृष्ठावरच्या इंटेग्रिन बीटा-१ या प्रथिनाने लॅमिनिनला धरून राहिलेली पेशी मरणाचे संकेत टाळायला शिकते; प्लास्टिकवर मरणाऱ्या पेशी जेलमध्ये त्याच मात्रेला टिकून राहतात. हा परिणाम खरा आहे, शरीरातही असा प्रतिकार दिसतो. पण वाढघटकही जेलमधूनच मिळतात, त्यामुळे कशाचा वाटा किती, हे सुटं करता येत नाही. वाढघटक कमी केलेला प्रकार मिळतो, तोच घ्यावा, मात्र ‘कमी’ म्हणजे शून्य नव्हे. टीजीएफ-बीटा साधारण २.३ वरून १.७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर इतकंच उतरतं, आणि पेशीला चालतं-फिरतं करणाऱ्या ईएमटी बदलाला चालना देणारा हाच तर घटक! वेस्टर्न ब्लॉट (ठरावीक प्रथिन ओळखण्याची चाचणी) करणार असाल तर पेशी आधी जेलमधून सोडवा, नाहीतर एकूण प्रथिनाच्या मोजणीत लॅमिनिनच भरून येतं. त्यासाठी ट्रिप्सिनपेक्षा डिस्पेज हे विकर बरं. पेशीच्या पृष्ठावरची प्रथिनं जपायची असतील तर विकर नसलेला, गार वापरायचा द्रव.

ऑर्गॅनॉइडसाठी (पेशींपासून वाढवलेल्या अवयवाच्या छोट्या नकलांसाठी) मात्र तक्रारीला जागा फारशी नाही. गरम केलेल्या प्लेटवर ५० मायक्रोलिटरचा थेंब टाकून प्लेट उलटी करून बसू द्यावी, म्हणजे पेशी तळाशी जमत नाहीत.

खरेदीची गोष्ट: प्रथिनांची तीव्रता लॉटगणिक बदलते, म्हणून ‘१:३० पातळ केलं’ असं न लिहिता मायक्रोग्रॅममध्येच लिहा. दोन-तीन लॉटचे नमुने मागवून आपल्याच पेशींवर तपासा आणि जो जमेल तोच लॉट पूर्ण प्रकल्पापुरता राखून ठेवायला विक्रेत्याला सांगा. प्रयोगाच्या अधेमधे लॉट बदलावा लागलाच, तर जुन्या-नव्या दोन्ही लॉटवर तीच घुसखोर पेशी एकाच दिवशी चालवा.