प्रोटेजे 5 रिव्ह्यू: मॉड्यूल एकमेकांशी भांडतात तेव्हा

मुंबई लोकलच्या माहितीची ऑन्टॉलॉजी, म्हणजे कुठल्या गोष्टी आहेत, त्यांचे संबंध आणि नियम काय याची संगणकाला कळेल अशी मांडणी, आम्ही मॉड्यूल म्हणजे वेगळे तुकडे पाडून ठेवलीय, स्टेशनं एका फाइलीत, फलाट दुसरीत, मार्ग तिसरीत, आणि सगळं काम स्टॅनफर्डच्या प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी एडिटरमध्ये. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, हर्मिट रीझनर, म्हणजे नोंदींवरून निष्कर्ष काढणारा आणि विसंगती पकडणारा प्रोग्रॅम, सोबतच येतो.

खरी परीक्षा इम्पोर्ट केल्यावर. एकेकटं मॉड्यूल बरोबर असतं, एकत्र आणली की वाजतं. दादरचंच घ्या ना, 9 डिसेंबर 2023 ला मध्य रेल्वेचा 1 नंबर फलाट 8 नंबर झाला. एका फाइलीत जुना 1, दुसरीत नवा 8, आणि नियम असा की फलाटाला नंबर एकच. रीझनर चालवला की अख्खी ऑन्टॉलॉजी इनकन्सिस्टंट, म्हणजे स्वतःशीच विसंगत! अशा ऑन्टॉलॉजीतून काहीही सिद्ध होतं, म्हणजे चर्चगेटबद्दलची उत्तरंही बाद, त्याचा या भांडणाशी काडीचा संबंध नसताना. इथे एक्सप्लनेशनची सोय जबरदस्त आहे, हजारो ओळींतून नेमक्या भांडणाऱ्या तीन समोर ठेवते, जुना नंबर, नवा नंबर आणि तो नियम, यातली कुठलीही एक काढा, हे भांडण मिटतं. कुठली काढायची ते मात्र आपणच ठरवायचं, म्हणून प्रत्येक नोंदीला तारीख लावाच.

पण सगळीच भांडणं दिसत नाहीत बरं का. ‘स्टेशनाला मार्ग एकच’ असा नियम कोणी टाकला आणि दादरला पश्चिम आणि मध्य दोन्ही जोडले तर एरर येतच नाही, रीझनर शांतपणे ठरवतो की पश्चिम आणि मध्य एकच मार्ग आहे! ओडब्ल्यूएलमध्ये, म्हणजे ऑन्टॉलॉजी ज्या भाषेत लिहितात तिच्यात, नावं दोन म्हणजे वस्तू दोन असं धरत नाहीत, ते वेगळे आहेत असं लिहून द्यावं लागतं. प्रोटेजेने इथे निदान सावध तरी करायला हवं होतं, नवीन माणूस हमखास फसतो.

इम्पोर्टही सगळं किंवा काहीच नाही, वर त्या फाइलीने इम्पोर्ट केलेलं पण सगळं येतं. लागेल तेवढाच तुकडा हवा तर रोबोट नावाच्या टूलने काढून घ्या. मॉड्यूल जोडणारे एक्सिअम, म्हणजे नोंदी आणि नियम, वेगळ्या फाइलीत ठेवा, ती बाजूला केली की घोळ मॉड्यूलमध्ये आहे की जोडणीत ते लगेच कळतं. फाइल फार मोठी असेल तर लोक ईएलके रीझनर सुचवतात, वेगवान आहेच तो, पण तो ओडब्ल्यूएल 2 ईएल या त्या भाषेच्या मर्यादित रूपासाठी आहे आणि त्यात ‘मार्ग एकच’ वाला नियम बसत नाही, तेव्हा असल्या तपासणीला हर्मिटच घ्या.