कचऱ्यातून फिलामेंट, आठ महिन्यांनंतर: मशीन चांगलं, पण हॉपरला झाकण का नाही?

जानेवारीत आमच्या पार्ल्याच्या वाचनालयाने मेकरस्पेससाठी (स्वतः वस्तू बनवायची खोली) थ्रीडी प्रिंटच्या कचऱ्यापासून परत फिलामेंट, म्हणजे प्रिंटरला लागणारी प्लास्टिकची तार, बनवणारं छोटं मशीन घेतलं, शनिवार-रविवार ते मीच चालवते. फसलेले प्रिंट आणि सपोर्टचे (छापताना टेकू देणारे) तुकडे पोत्यात साठत होते, भंगारवाला पीएलएला, म्हणजे या प्रिंटच्या प्लास्टिकला, हात लावत नाही, आणि मक्यापासून बनतं म्हणून कुंडीत टाकलं तर तसंच्या तसं राहतं, ते कुजायला ६० अंशांच्या आसपास तापणारा मोठा खतप्रकल्प लागतो.

मेपर्यंत मी एकदम खूश. कचऱ्याच्या चुऱ्यात निम्मा नवा प्लास्टिकचा दाणा घालायचा, कारण परत परत वितळवलं की तार ठिसूळ होते, आणि १.७५ मिमीची तार बऱ्यापैकी एकसारखी यायची.

जूनमध्ये पाऊस लागला आणि सगळं बिनसलं. तारेत बुडबुडे, तार बाहेर येते त्या नोझलमधून मोहरी तडतडल्यासारखा आवाज, कॅलिपरने जाडी मोजली तर कुठे १.६, कुठे १.९. मी सगळ्यांना सांगत सुटले की मशीन बोगस आहे. चुकलंच माझं, चुरा दमट होता. पीएलए हवेतलं पाणी ओढतं आणि ते पाणी प्लास्टिक पुढे ढकलणाऱ्या गरम स्क्रूत गेलं की वाफ होते. आता ५० अंशांवर सहा तास सुकवते, फरक लगेच दिसतो.

पण सुकवलेला चुरा ओतायचा कुठे तर उघड्या हॉपरात, म्हणजे मशीनच्या चुरा ओतायच्या नरसाळ्यात, तेही मुंबईच्या जुलैत! एवढे पैसे घेऊन साधं झाकण देत नाहीत याचा मला अजून राग येतो. सर्व्हिसला फोन केला तर म्हणे, "मॅडम, बाहेरचं मटेरियल वापरलंत, वॉरंटीत बसत नाही." अहो, कचऱ्यासाठीच तर मशीन विकलंत ना! शेवटी घरच्या जुन्या पिठाच्या डब्याचं झाकण बसवलं, कडेला सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, खर्च शून्य.

गेल्या आठवड्यात मशीन अडकलं ते मात्र आमच्यामुळे. पीएलएच्या डब्यात पीईटीजी या दुसऱ्या प्लास्टिकचा एक पारदर्शक तुकडा गेला, तो पीएलएच्या तापमानाला नीट वितळत नाही, चिकट गोळा होऊन नोझलमध्ये बसला, काढायला तीन तास गेले. आता प्रिंट फसला की तिथल्या तिथे मार्करने त्यावर प्लास्टिकचं नाव लिहायचं, आठवीतली मुलंसुद्धा न चुकता लिहितात.

घ्यावं का? रोज प्रिंटर चालत असेल आणि कचरा वेगळा ठेवणारं माणूस असेल तर नक्की घ्या, सोबत ड्रायरचे पैसे धरा. झाकणाचं माप मी कंपनीला मेल केलंय, फोटोसकट, दुसऱ्यांदा.