वेताळ की जिन्न?

ठाण्यातल्या नौपाड्यातल्या एका ताईंनी विचारलं, लेकीला रात्री वाचून दाखवायला ‘वेताळ पंचविशी’ घेऊ की अरबी सुरस कथा?

वेळेत वेताळ सरस. गोष्ट एका बैठकीत संपते, शेवटी प्रश्न उरतो. मेलेल्या मंदारवतीच्या राखेवर तिला मागणी घालणाऱ्या तिघांपैकी एक झोपतो, दुसरा अस्थी गंगेत नेतो, तिसरा मंत्राने तिला उठवतो. मग नवरा कोण? मुलं यावर तावातावाने भांडतात. भांडू द्यावं. अरबीत गोष्टीतून गोष्ट निघते, झोपेचं खोबरं होतं.

भाषेत कृष्णशास्त्री चिपळूणकरांचं अरबी कथांचं भाषांतर मोठ्यांसाठीच. मुलांना संक्षिप्त आवृत्ती द्या. खर्चाचं म्हणाल, तर आधी 1893पासूनच्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात चौकशी करा.

वाद घालणाऱ्या मुलीला वेताळच. स्मशान, प्रेत यांनी दचकत असेल, तर कोळ्याने बाटलीत परत कोंडलेला जिन्न बरा.