रात्रीची लो शुगर: पहाटे तीनचा गजर की दंडावरचा सेन्सर?

टाइप वन डायबेटिस (रोज इन्सुलिन घ्यावं लागणारा मधुमेह) असलेल्या घरात झोपण्याआधी एकच धास्ती असते: रात्री शुगर उतरली तर कळणार कसं? दिवसा हात थरथरतात, भूक लागते, पोर स्वतः येऊन सांगतं. रात्री मात्र घामाने ओली उशी आणि जड डोकं सकाळीच लक्षात येतं. माझ्या लेकीला टाइप वन आहे. आमच्या घरी बोट टोचून शुगर मोजणारं मीटर आणि दंडाला चिकटवून ठेवायचा सेन्सर दोन्ही वापरून झालेत, आणि नाशिकमधले ओळखीचे पालक सारखे विचारतात, म्हणून हे सविस्तर.

मीटर खिशाला परवडतं. एक स्ट्रिप साधारण १५ ते २५ रुपयांना पडते, आणि कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. शिवाय ते थेट रक्तातली साखर मोजतं. पण बोट स्वच्छ हवं, आणि आपल्याकडे द्राक्षांच्या दिवसांत ही गोष्ट फार महत्त्वाची. द्राक्षं खाऊन झोपलेल्या मुलाच्या बोटाला रस चिकटलेला असेल, तर आकडा भलताच फुगतो. खरी शुगर ६५ असताना मीटर १४० दाखवू शकतं आणि आईबाप निर्धास्त झोपतात. स्पिरिटच्या बोळ्याने नुसतं पुसून भागत नाही. साबणाने हात धुवून कोरडा करायचा. डिसेंबरच्या थंडीत बोटं गार पडतात, थेंबच येत नाही. तेव्हा कोमट पाणी घ्यावं.

मीटरची खरी अडचण वेगळीच आहे. ते त्या क्षणाचा आकडा सांगतं, पुढचं काही नाही. तीन वाजता ९५ आलं. आता ते ९५ वर स्थिर आहे की झपाट्याने खाली चाललंय? मीटरला ते माहीत नसतं.

सेन्सर बाणाने तेच दाखवतो, आणि माझ्या मते त्याचे पैसे त्या बाणाचे आणि अलार्मचेच आहेत. म्हणून विकत घेताना अलार्म आहे का, हे आधी विचारा. लिब्रे या सेन्सरच्या पहिल्या मॉडेलमध्ये तो नव्हता. स्कॅन केल्याशिवाय काही कळत नसे. रात्रीसाठी त्याचा उपयोग कमीच. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे तो रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. त्याच दंडावर कुशी वळून झोपलं, तर दाबामुळे खोटा लो दिसतो. अलार्म वाजला की बोट टोचून खात्री करावी, पण घाम किंवा थरथर असेल तर आधी साखर द्यावी. फोन त्याच खोलीत, चार्ज केलेला हवा आणि आवाज चालू हवा. खर्च मात्र जड आहे: पंधरवड्याच्या एका सेन्सरला पाच हजारांच्या आसपास.

मला विचाराल तर मूल लहान असेल, लो झालेलं जाणवतच नसेल, किंवा कोणी खोलीवर एकटं राहत असेल, तर इतर खर्च मागे ठेवून अलार्मवाला सेन्सर घ्यावा. लो जाणवत असेल आणि घरात जागं होणारं माणूस असेल, तर मीटरवर चालतं. अधूनमधून एखादा सेन्सर लावून रात्रीचा आलेख डॉक्टरांना दाखवावा. बऱ्याचदा दोष इन्सुलिनच्या वेळेत सापडतो. संध्याकाळी घेतलेल्या एनपीएच या इन्सुलिनचा जोर नेमका मध्यरात्रीनंतर येतो. ग्लार्जिन किंवा डेग्लुडेक या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनचा परिणाम त्या मानाने सपाट असतो. बदल डॉक्टरांना विचारूनच करावा.

श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करून आलात, तर दोन्हीपैकी काहीही असलं तरी त्या रात्री जास्त जपा. चालून झाल्यावर कित्येक तासांनीही शुगर घसरते. झोपण्याआधीचा आकडा, रात्रीचा खाऊ आणि इन्सुलिन कमी करायचं का, हे आदल्या भेटीतच डॉक्टरांशी ठरवून घ्या.

उशाशी ग्लुकोज पावडर किंवा साखर ठेवा. ७० च्या खाली गेलं की मोठ्यांना १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन छोटे चमचे. लहान मुलांचं प्रमाण कमी असतं, ते विचारून ठेवा. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपामुळे आणि स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. ग्लुकॅगॉनचं (रक्तातली साखर वाढवणारं) इंजेक्शन द्या आणि १०८ ला फोन लावा. हे इंजेक्शन प्रत्येक मेडिकलमध्ये नसतं, तेव्हा आधीच मागवून घरात ठेवा आणि कसं द्यायचं ते घरातल्या दोघांनी तरी शिकून घ्या.